फीमाफी आणि रिकामा बाक



आम्ही कॉलेजची पायरी चढलो ती मोर्चाच्या निमित्ताने, विद्यार्थी म्हणून नव्हे. तेव्हा कॉलेजच्या हिशेबावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. परंतु वर्गणी माफ केल्याने युनियन बुडते की तरते, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. काम बंद असताना ज्याची वर्गणी माफ केली, तो काम सुरू होताच आपण होऊन परत आला. ज्याच्यामागे तगादा लावला, तो पुन्हा फिरकला नाही.

जळगावात मूळजी जेठा आणि अमळनेरास प्रताप, ही दोन्ही महाविद्यालये १९४५ सालची. पुढे १९५९ साली ई. बी. सी. ची फीमाफी आली आणि शेतमजुराचे पोर वर्गात दिसू लागले. आज ती सवलत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. २०२४-२५ पासून तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी-फी पूर्ण माफ झाली. सरकारने चांगले केले, हे म्हणायला आम्हांला संकोच नाही. अडते ते निराळ्याच जागी.

आमच्या एका सभासदाचा मुलगा सवलतीस पात्र होता. बाप डाळ मिलमध्ये हमाल. कॉलेजने सांगितले, आधी सगळी फी भरा, सरकारी रक्कम आली की परत देऊ. बापाने पतपेढीचे कर्ज काढले. रक्कम वर्ष उलटले तरी आली नाही. दुसऱ्या वर्षी हप्ता थकला, हॉल तिकीट अडवले गेले, आणि मुलगा चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला. बाप आम्हांला विचारी, “भाऊ, फी माफ होती ना?” त्याला काय उत्तर द्यावे?

आता कॉलेजच्या बाजूने पाहू. समजा, विनाअनुदानित कॉलेजात ६० मुलांचा वर्ग आहे, फी वर्षाला २०,०००, अभ्यासक्रम ३ वर्षांचा. पहिल्या वर्षानंतर १० जण गळाले, तर पुढल्या दोन वर्षांत ४ लाख गेले. मास्तरांचा पगार, वीज, शिपाई, यांतले काही कमी होत नाही. त्याच दहांना निम्मी सूट देऊन टिकवले असते तर २ लाख हाती आले असते. रिकामा बाक फी भरत नाही!

अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून हाच हिशेब केला. थोड्या थकबाकीपायी नाव कमी होणाऱ्या मुलांना विद्यापीठच लहानशी रक्कम देते, आणि टिकलेल्या मुलाच्या उरलेल्या फीतून ती भरून निघते. पण त्याच देशात दुसरी खोडही आहे. ज्याचा बाप सहज फी भरील, त्यालाच ओढण्यासाठी सूट देतात. तशी सूट म्हणजे दुकानदारी. तिने गरिबाचे पोर टिकत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सरकारी रक्कम येईपर्यंत हॉल तिकीट अडवू नये, आणि थकबाकी सहामाहीपूर्वी पालकाला कळवावी. तोवर युनियनच्या कचेरीत जूनभर संध्याकाळी अर्ज भरून देऊ. येताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँकेचे पुस्तक आणा. दाखल्याला वेळ लागतो. उद्याच अर्ज टाका.