वलगणीचे मासे

मुंबईकरांच्या नळास येणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाचा असतो. त्याच तालुक्यात, आणि शेजारच्या मुरबाडात काळू नदीच्या काठी राहणाऱ्या कातकरी मासेमाराविषयी आज बोलावयाचे आहे. मासेमार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दर्या आणि होडी उभी राहते. याचा दर्या म्हणजे गुडघाभर पाण्याचा ओढा, आणि सामग्री म्हणजे एक पाग व बांबूच्या कामट्यांचा सापळा.

पहिला मुसळधार पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले, की अंड्यांनी भरलेले मासे नदीतून उलट प्रवाहाने ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. हीच वलगण. ती थोड्याच रात्रींची असते. पण खाऊन उरलेली मासळी चुलीवर वाळविली, तर घरात दाणा नसतानाच्या दिवसांत तीच उपयोगी पडते.

मृगाचा, म्हणजे ७-८ जूनचा, अंदाज धरून पूर्वी भागत असे. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईस पोचला तो २५ जूनला. २०२५ साली २६ मे रोजीच. मासे पंचांग पाहत नाहीत. ते पाण्याबरोबर चढतात. माणसाचे मात्र तसे नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मजुरी हजार विटांमागे. अवेळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या की उचल फिटत नाही, आणि इकडे वलगण निघून जाते.

पावसाची तऱ्हाही पालटली आहे. समुद्र तापल्याने बाष्प वाढले. मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे २०१७ सालच्या संशोधनात दिसून आले. एकदा कोसळून पावसाने दडी मारली, तर खाचरातील पाणी आटून अंडी व पिले तेथेच मरतात.

मग कोणी जलाशयाकडे वळतो आणि फुगविलेल्या ट्यूबवर बसून रोहू-कटल्यासाठी जाळे टाकतो. परंतु तेथील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आणि तानसा तर अभयारण्यात आहे.

अंड्यांचे मासे मारू नका, असा उपदेश आपण शहरवासी सहज करतो. उपदेश खोटा नव्हे. पण तो पाळावयाचा, तर निदान पहिल्या रात्री घरात तांदूळ हवा. शासनाची खावटीची योजना अशाच महिन्यांसाठी होती. ती मदत मेअखेर पाड्यावर पोचावी, भट्टीचा हिशेब आठवड्याच्या आठवड्यास व्हावा, आणि जलाशयाच्या संस्थेत कातकऱ्यास सभासद करून घ्यावे, इतकेच माझे मागणे आहे.