ड्रायव्हर लिहिताय? मग आकड्याचं एकक लिहा

मी मूळची कासुर्डीची, दौंड तालुका. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजचा विषय: लिनक्ससाठी हार्डवेअरचा ड्रायव्हर लिहिताना कोड आणि डॉक्युमेंटेशन कसं असावं? कोरडं वाटतंय ना? पाच मिनिटं द्या.

ड्रायव्हर म्हणजे चिप आणि ऑपरेटिंग सिस्टीममधला दुभाष्या. कॉलेज प्रोजेक्टमधला तो निळा सेन्सर आठवतोय? डीएचटी-११. तापमान आणि आर्द्रता मोजतो. त्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आधीपासून आहे. समजा तुम्ही तो कांद्याच्या चाळीत लावला आणि वाचन आलं २७०००. सेन्सर बिघडला? नाही. हे अंशाच्या हजाराव्या भागात आहे, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. कर्नलमध्ये दशांश चिन्हाचे आकडे टाळतात, म्हणून हजाराने गुणलेला पूर्णांक. आर्द्रतेचंही तसंच: ६५००० म्हणजे ६५ टक्के. हे एकक कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलंय, म्हणून सेन्सर बदलला तरी वरचं ॲप बदलावं लागत नाही.

याच ड्रायव्हरमध्ये एक आकडा आहे: २ वर ९ शून्यं. शेजारी छोटी कॉमेंट: २ सेकंद, नॅनोसेकंदात. म्हणजे एकदा घेतलेलं वाचन २ सेकंद ग्राह्य. तेवढ्यात परत विचारलं तर सेन्सरला त्रास न देता तेच उत्तर मिळतं. नावावरून उद्देश कळतो, कॉमेंटवरून एकक. ही ओळ नसती, तर कुणीतरी ‘कशाला हवंय हे?’ म्हणत ती काढून टाकली असती.

आता नियम. कर्नलची कोडिंग स्टाइल सांगते: इंडेंट टॅबने, टॅब ८ अक्षरांचा. तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जाताय? मग फंक्शन फोडा. एका फंक्शनने एकच काम करावं. कॉमेंटमध्ये कोड काय करतो ते लिहा. कसा करतो हे कोडनेच दाखवावं. फाइलच्या पहिल्या ओळीत लायसन्स. बोर्डावर चिप कुठे आणि कशी जोडलीय याचं वर्णन, म्हणजे डिव्हाइसट्री बाइंडिंग, वेगळ्या पॅचमध्ये, ड्रायव्हरच्या आधी.

पॅच पाठवताना संदेशात ‘काय बदललं’ एवढंच नको, ‘का बदललं’ तेही लिहा. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि तुमचं नाव. ही पद्धत २००४ पासून आहे. अर्थ असा, की हा कोड या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे. नोकरीच्या कामात लिहिलेला कोड असेल, तर आधी कंपनीची परवानगी घ्या.

मित्र विचारतात, ‘कोड चालतोय ना, मग एवढी कटकट कशाला?’ आमच्या शेजारच्या शेतात ठिबकचा एक कंट्रोलर आहे. बनवणाऱ्यांनी दुरुस्तीला येणं बंद केलं. आत चिप ठीक आहे, वायरिंग ठीक आहे. पण कुठला रजिस्टर कशासाठी, हे कुठेच लिहिलेलं नाही. पैसे मोजून घेतलेला डबा आज खांबावर नुसता लटकतोय, आणि वीज रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन उसात जातो. कोड कधीतरी बंद पडणारच. तेव्हा तो दुसऱ्याला दुरुस्त करता आला पाहिजे, आणि तो दुसरा तुम्हाला फोन करू शकणार नाही. त्याला फक्त तुमचं लिखाण दिसणार.

इंग्रजीची भीती नको. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. तिथे अलंकार कुणी मागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: डीएचटी-११ चा ड्रायव्हर उघडा आणि निवांत वाचा. मग स्वतःच्या कोडवर ‘चेकपॅच’ ही कर्नलसोबत येणारी स्क्रिप्ट चालवा. इशाऱ्यांचा पाऊस पडेल, घाबरू नका, एकेक सोडवा. आणि तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे नुसता आकडा आहे, तिथे आजच त्याचं एकक लिहा.

भेटू पुढच्या भागात!