आधी पाणी, मग मासे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपण कृष्णाकाठची माणसं. महाबळेश्वरला जिथं कृष्णा उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पासष्ट किलोमीटर. पण आपली नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला, कऱ्हाडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला बरोबर घेते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही आपल्याला तो परका. आपल्याकडे हौशी माणसाच्या घरात फिश टँक असतो, पण गोड्या पाण्याचा. त्यात गोल्डफिश, गप्पी, एखादा एंजल. खाऱ्या पाण्याची टाकी म्हटली, की लोक विचारतात, "म्हणजे पाण्यात मीठ टाकायचं का?"

मलाही तसंच वाटलं होतं. २०१७ साली दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन मुंबईला गेलो होतो. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालेलं. मी लहानपणी वडिलांचं बोट धरून ते पाहिलं होतं, म्हणून तिलाही दाखवलं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशसमोर ती अर्धा तास उभी होती. ती तेव्हा अकरावीत. घरी आल्यावर म्हणाली, "अब्बा, आपण समुद्र आणू या का घरी?" कवीच्या घरात असल्या वाक्याला नाही म्हणता येत नाही.

दोनशे लिटरची टाकी घेतली. दोन महिन्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून चार मासे आणले. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून कोयना एक्सप्रेसनं, मांडीवर ठेवून. टाकी तिसऱ्याच दिवसाची होती. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. आठवड्याच्या आत चारही मासे मेले. दुकानदाराची चूक नव्हती, पाण्यात घाणही दिसत नव्हती. चूक माझ्या घाईची होती.

ती चूक समजावून सांगतो, कारण नव्वद टक्के नवखे इथंच फसत असतील, असं मला वाटतं. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो, टाकीत साचतो. दगडांवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजावर एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी घातक आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही जिवाणूंची वस्ती बाजारातून आणून एका दिवसात बसवता येत नाही. ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला भरलेली, पण राहायला नालायक.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती २०१८ च्या मे महिन्यात. रमजान चालू होता. बाहेर सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकलेला. टाकीत मासा नाही, फक्त पाणी, वाळू, दगड आणि जिवाणूंना खाद्य म्हणून कुजायला टाकलेला कोळंबीचा एक तुकडा. पत्नी म्हणाली, "आपल्याला दिवसभर रोजा आणि त्या रिकाम्या टाकीला कोळंबी!" रोज सहेरीला उठलो, की मुलगी परीक्षानळीत पाणी घेऊन अमोनिया तपासायची आणि वहीत आकडा लिहायची. आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढलं, तेही उतरलं. ईद होऊन गेली. जूनअखेरीस दोन्ही आकडे शून्यावर आले, ते आठवडाभर तिथंच राहिले, तेव्हा आम्ही दोन लहान क्लाउनफिश सोडले. महिनाभरानं एक निळा डॅमसेल, काही शंखी गोगलगाई आणि दोन साधूखेकडे.

आता मिठाचा प्रश्न. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, खडेमीठही नाही. समुद्राच्या पाण्यात मीठ मुख्य असलं, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी तयार सागरी क्षार मिळतो. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून आरओचं पाणी घ्यावं. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यावं. तापमान पंचवीस-सव्वीस अंश. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला, की ते दोन-तीन अंशांनी उतरतं, पण मग पाणी जास्त उडतं. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून पातळी कमी झाली तर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. खारं घालत गेलात, तर महिन्याभरात टाकीचं लोणचं होईल. पंधरा दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदलताना मात्र खारंच घालायचं.

आणखी एक सांगणं जरुरीचं आहे. पडद्यावर सुंदर टाक्या दिसतात, त्यात जिवंत प्रवाळ असतं, समुद्रघोडे असतात. आपल्या देशात प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, कुणी हळूच देऊ केलं तरी घेऊ नका. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. ते तिथंच शोभतं. घरी कोरडे सच्छिद्र दगड पुरतात, त्यांच्यावर जिवाणू छान वसतात. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशातही होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिचं तंत्र बसवलं आहे. घेताना विचारावं, की हा मासा पैदाशीचा की समुद्रातून धरलेला.

इथवरचं सगळं पुस्तकातही सापडेल. खरी परीक्षा झाली ऑगस्ट २०१९ मध्ये. तो महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलं. खालच्या मजल्यावरच्या मावशी, त्यांचा मुलगा, सून, नातू आमच्याकडे वर आले. वीज गेली ती पाच दिवस. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपला. सेलवर चालणारा हवेचा पंप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबला.

पाणी हलतं नसलं, की त्यात प्राणवायू मिसळत नाही. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि तिथंच सडतात, म्हणून मुलीनं फिल्टर उघडून स्पंज टाकीत टाकला. खाणं पूर्ण बंद केलं. मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, पण उरलेलं अन्न कुजलं तर जगू शकत नाही. आणि मग आम्ही तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतू लागलो. दर तासाला दहा मिनिटं. रात्रीसुद्धा, पाळीपाळीनं.

मला त्याची लाज वाटत होती. खाली गल्लीत बोटी फिरत होत्या. लोकांचे संसार वाहून गेले होते. पिण्याचं पाणी मोजून चाललं होतं. आणि मी तीन माशांसाठी जागत होतो. मी मुलीला म्हणालो, "बेटा, बास आता. माणसांचं बघू." ती काही बोलली नाही. बोलल्या त्या मावशी. त्यांचं अख्खं घर पाण्याखाली होतं. म्हणाल्या, "अहो, तुम्ही आणलेत ना त्यांना? मग बघायलाच पाहिजे." आणि नातवाच्या हातात तांब्या दिला. त्या दिवसापासून त्या पोरानं पाळी चुकवली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात एवढं एकच काम होतं, जे केलं की काही तरी सुधारताना दिसायचं.

डॅमसेल चौथ्या रात्री गेला. क्लाउनफिशची जोडी वाचली. बारा तारखेला बकरी ईद होती. ती कशी झाली, ते सांगलीकरांना सांगायला नको.

पुढं वाचनात आलं, की १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेलं. पंप नव्हते, वीज नव्हती. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी रोज ते समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, हवा मिसळावी म्हणून. घरात समुद्र सांभाळण्याची सुरुवात त्या बाईच्या हातांनी झाली, म्हणायला हरकत नाही. पुस्तकात मालकिणीचं नाव आहे. मला मात्र मोलकरणीचे दुखरे खांदे आठवतात, कारण ते पाच दिवस माझेही दुखत होते.

मुलगी आता नोकरीनिमित्त साताऱ्यात असते. टाकीही तिकडेच गेली, निम्मं जुनं पाणी ड्रममध्ये भरून, टेम्पोनं. जुनं पाणी, ओले दगड आणि स्पंज बरोबर नेले म्हणून पुन्हा सहा आठवडे थांबावं लागलं नाही. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा होतो तो मादी बनतो. आमच्यातली मोठी आता उपड्या कुंडीच्या कडेला अंडी घालते आणि नर त्यांना पंखांनी वारा घालत बसतो. पिल्लं अजून जगवता आलेली नाहीत. मुलगी वहीत तारखा लिहिते आहे.

तेव्हा श्रोतेहो, हौस असेल तर जरूर करा. पण आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, की वीज गेली तर रात्री कोण उठणार. उत्तर मिळालं, तर टाकी आणा, भरा आणि दीड महिना मासा आणू नका. पाणी तयार झालं, की ते वहीतल्या आकड्यांवरून कळतंच.