काळा दगड, पाणी आणि ऊन



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की प्रथम फरशीचा आणि रंगाचा भाव विचारला जातो. जुन्या दगडाकडे पाहावयास कोणाला सवड होत नाही. म्हणून आज दोन शब्द त्या दगडाविषयी.

खराडीच्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला. पुण्याचे पाताळेश्वर त्याच जातीच्या खडकात कोरलेले आहे. राष्ट्रकूटांच्या काळी, इ. स. च्या आठव्या शतकात, पाथरवट जमिनीत उतरले आणि नंदीचा गोल मंडपसुद्धा त्यांनी त्या खडकातूनच सोडवून घेतला.

पण या दगडाचा सर्वांत जुना कारागीर म्हणजे पाणी. नगर रोडने शिरूर गाठून पुढे निघोजला जावे. तेथे मळगंगा देवीच्या देवळाजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुरात पाण्याला भोवरा पडतो, खडकाच्या खाचेत गोटा अडकतो आणि जात्यासारखा गरगर फिरत खडक घासतो. गोटा झिजून वाळू झाला की दुसरा येतो. असे हजारो वर्षे चालून रांजणाएवढे खळगे पडले. छिन्नी नाही, मजुरी नाही, उद्घाटनाची घाई तर मुळीच नाही!

उन्हाचे काम कोल्हापुरास पाहावे. अंबाबाईच्या देवळात 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा पश्चिमेला इमारत उंचावली की वाट अडते. खराडीत आज केवढ्या इमारती उभ्या आहेत, हे सर्वांसमोर आहे.

शेंदूर हा श्रद्धेचा भाग, त्याबद्दल वाद नाही. परंतु कोरीव खांबांना ऑईलपेंट देऊ नये. नक्षी बुजते आणि ओल आतच कोंडते. चिरे अ‍ॅसिडने धुऊ नयेत. साधे पाणी व मऊ ब्रश पुरे. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या अवश्य लावाव्यात, मात्र नव्या भिंतीवर. आणि एखादा झरोका बुजवण्यापूर्वी वर्षभरात तेथून ऊन कोठवर येते, ते पुजाऱ्यांना विचारावे. त्यांना ते ठाऊक असते.