पोटमाळ्यावरील पाटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. उपदेश करण्याची शिक्षकाची खोड जन्मभर सुटत नाही, हे आपण जाणताच. परंतु आज आम्ही उपदेशास नव्हे, तर स्वतःची एक चूक सांगण्यास उभे आहो.

गेल्या वैशाखात राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ घराची कौले बदलण्याचे काम काढले. त्याकरिता पोटमाळा रिकामा करणे भाग पडले. मोडका पाळणा, तुटक्या टोपल्या आणि निकामी कंदील यांच्यामागे पत्र्याची एक गंजलेली ट्रंक निघाली. आर झिजलेला भोवरा, विटी, सागरगोटे, सुकून गेलेली शाईची दौत, ‘नया पैसा’ अशी अक्षरे असलेले एक नाणे, पाने सुटलेली अंकलिपी आणि लाकडी चौकटीची दगडी पाटी एवढा ऐवज तीत होता. साठ वर्षांपूर्वीचे आमचे बाळपणच जणू कोणी जपून ठेवले होते.

येथे बसलेल्या मुलांस त्या नाण्याचे नवल वाटेल. पूर्वी रुपयाचे सोळा आणे अथवा चौसष्ट पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १९६४ साली त्यातील ‘नया’ हा शब्द गळाला. अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी होत्या. औट म्हणजे साडेतीन. शेर-पावशेराच्या आणि आणे-पैशांच्या व्यवहारात हे अपूर्णांकांचे पाढे ज्याच्या जिभेवर, त्याला हिशेबास कागद लागत नसे. आमच्या वडिलांचे किराणा दुकान असल्यामुळे घरात या पाढ्यांस देवाच्या स्तोत्राइतकाच मान होता.

पाटीच्या चौकटीवर शाईने लिहिलेले आमचे नाव होते. ते पाहून आम्हांस फार आनंद झाला. सहज पाटी उलटली, तो मागील बाजूस खिळ्याने कोरलेले दुसरे नाव दिसले. ते आमच्या अक्काचे, आमच्याहून तीन वर्षांनी वडील असलेल्या बहिणीचे होते. ट्रंकेच्या तळाशी वडिलांनी फडक्यात बांधलेली दोघांची प्रगतिपुस्तके होती. चौथीच्या गणितात अक्कास ९२ गुण होते, आम्हांस ६१.

१९६५ साली अक्का चौथी उत्तीर्ण झाली. पुढील शाळा नदीपलीकडे, दोन कोसांवर. मुलीच्या जातीने एवढे लांब कसे जावे, असे घरात ठरले आणि तिची पाटी आमच्या हाती आली. १९६८ साली आम्ही चौथी झालो. तीच नदी, तेच दोन कोस. परंतु आमच्याकरिता वडिलांनी नवी छत्री आणली. पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. ‘मुलीला शाळेतून काढू नका’ अशी पालकांची विनवणी करीत उन्हातान्हात हिंडलो. परंतु त्या शाळेनंतर ११७ वर्षांनी आमच्याच घरात काय घडले, याचा विचार या ३६ वर्षांच्या नोकरीत एकदाही मनात आला नाही.

पाटी घेऊन आम्ही अक्काच्या घरी गेलो. तिने ती पदराने पुसली आणि मांडीवर ठेवली. आम्ही थट्टेने विचारले, “अक्का, तेरा औट किती?” क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, “साडेपंचेचाळीस.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “अरे, पाटी तुला दिली त्या दिवशी मी रडले होते. आईला वाटलं, पाटीसाठीच रडते आहे. तिनं मला दुसरी आणून दिली.”

यावर काय बोलावे, हे आम्हांस सुचले नाही. “अक्का, आमचं चुकलं,” एवढेच म्हटले. तिने आमच्या पुढ्यात लाडवाची ताटली सरकवली.

बंधूंनो, अशी पाटी आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असेल. तिची दुसरी बाजू पाहावी, एवढीच प्रार्थना. आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांचे अभिनंदन. परंतु ज्या मुलींची नावे या यादीत येऊ शकली नाहीत, त्यांची चौकशीही मंडळाने करावी. कोणाचे महाविद्यालय लांब, कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या भावाची फी आधी. शाळा सुटलेल्यास १७ नंबरचा अर्ज भरून दहावीस बसता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. मार्ग आहेत, सोबत करणारा माणूस मात्र हवा. अर्ज भरून देणे, पुस्तके मिळवून देणे आणि घरच्यांची समजूत घालणे ही तीन कामे आम्ही स्वतः करू. आपल्या घरातील अशा मुलीचे वा सुनेचे नाव आजच चिटणिसांकडे द्यावे.

पाटी आता अक्काकडेच आहे. तिची नात तीवर औटकी गिरविते, असे कळते.