डिक्कीतला दिवा

आम्ही कर्वेनगरच्या एका बचत गटातल्या नऊ जणी. माइकसमोर एकीच बसली आहे, पण सांगणं आम्हां सगळ्यांचं आहे.

विषय ऐकून कदाचित हसू येईल. आज आम्ही गाडीच्या डिक्कीतल्या दिव्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "आमच्या दारात गाडीच नाही, डिक्की कुठली?" पण तुमचे पापड, तांदूळ, लोणची शहरात येतात ती कुणाच्या तरी डिक्कीतूनच ना? म्हणून हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आधी घडलेलं सांगतो. आम्ही मुळशीकडच्या एका गावातल्या गटाकडून इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीचे पापड आणतो. आमच्यातल्या एकीच्या घरी जुनी गाडी आहे, तीच आमची मालगाडी. गेल्या हिवाळ्यात माल भरायला संध्याकाळचे सात वाजले. गावात वीज गेलेली. त्या बायकांनी दहा-दहा पाकिटांच्या बारा पिशव्या भरून ठेवल्या होत्या, म्हणजे एकशेवीस पाकिटं. कुणी मोबाइलचा टॉर्च धरला, कुणी पिशव्या दिल्या, आम्ही डिक्कीत कोंबल्या. घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. आमच्या गल्लीतही अंधारच. माल उतरवला, मोजला, तर अकराच पिशव्या.

आम्ही लगेच फोन केला. "ताई, एक पिशवी कमी भरलीत." पलीकडून उत्तर आलं, "आम्ही तिघींनी मोजल्यात, ताई." आम्ही म्हटलं, "इथं तर अकराच आहेत." त्या गप्प झाल्या. साठ रुपये पाकीट, त्याचे सहाशे रुपये आम्ही हिशेबातून वळते केले. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. आम्हांला वाटलं, चूक त्यांचीच असणार.

तीन आठवड्यांनी चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढायला डिक्कीत अंथरलेली जुनी चादर उचलली, तर चाकाच्या बाजूच्या खोबणीत काळी पिशवी. आत दहा पाकिटं, पापडांचा पार चुरा झालेला.

त्या दिवशी आमच्या घशाखाली घास उतरला नाही. रविवारी आम्ही चौघी गावी गेलो. सहाशे रुपये दिले आणि माफी मागितली. त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशींनी पैसे हातात घेतले आणि म्हणाल्या, "पैशाचं एवढं वाटलं नव्हतं गं. आमचं मोजणं खोटं ठरलं, त्याचं वाईट वाटलं." मग गाडीकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमच्या डिक्कीत दिवा नसतो का?"

दिवा होता. डाव्या बाजूला, अर्ध्या बोटाएवढा. पिवळसर, धुळीनं माखलेला. त्याच्यासमोर एक पोतं ठेवलं की संपला त्याचा उजेड. पुष्कळ स्वस्त गाड्यांत तर तेवढाही दिवा नसतो. गाडी घेताना रंग बघतात, आवाज बघतात, डिक्कीतला दिवा कुणी बघत नाही.

परत आल्यावर ठरवलं, हे काम आपणच समजून घ्यायचं. आमचं कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली इथं माळावर झोपडी उभारून विधवांसाठी आश्रम आणला. ते स्वतः इथून पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला चालत जात. त्याच संस्थेच्या आवारात १९९१ पासून मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथं शिकणारी एक मुलगी आमच्या शेजारच्या इमारतीत राहते. तिला हाक मारली. ती आणि आमच्या ओळखीचा गाड्यांचा वायरमन, दोघांनी मिळून आम्हांला जे शिकवलं, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, खर्च करायच्या आधी आहे तो दिवा नीट बघा. काच काढून पुसा. दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला असेल किंवा फ्यूज. हा बल्ब बहुधा नळीसारखा, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला असतो. जुना बल्ब दुकानात घेऊन जा आणि त्याच लांबीचा एलईडी बल्ब मागा. पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडला तरी तो बसत नाही. बसवल्यावर लागला नाही तर घाबरू नका, उलटा करून बसवा. एलईडीला वीज एकाच दिशेनं चालते. अजून एक फायदा, जुना बल्ब चांगलाच तापतो, त्याला प्लास्टिकची पिशवी चिकटू शकते. एलईडी त्यामानानं थंड असतो.

दुसरी गोष्ट, जागा. आमची खरी अडचण दिव्याच्या ताकदीची नव्हती, जागेची होती. एकाच बाजूला एकच दिवा असला की माल त्याच्या आड येतो आणि सावली पडते. म्हणून आम्ही बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणली. तिच्या पाकिटावर मीटरला ४.८ वॅट असं लिहिलं होतं, म्हणजे जुन्या पाच वॅटच्या बल्बाएवढीच वीज, पण उजेड कितीतरी पट. पट्टीवर कापायच्या खुणा असतात, तिथंच कापायची. डिक्कीच्या तोंडाशी, डाव्या-उजव्या कडेला वरच्या बाजूनं आतल्या दिशेला तोंड करून अर्धा-अर्धा मीटर लावली. आता समोरून उभं राहून माल ठेवला तरी आपलीच सावली आत पडत नाही. चिकटवण्याआधी जागा चांगली पुसून कोरडी करा, आणि जोडीला छोट्या क्लिपा लावा. उन्हात उभ्या गाडीत नुसता गोंद सुटतो.

रंग पांढरा घ्या, पण निळसर नको. निळसर उजेडात हळद आणि बेसन ओळखताना घोटाळा होतो. लाल, हिरवे, लुकलुकणारे दिवे तर नकोतच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, जोडणी. पट्टीची वीज डिक्कीच्या जुन्या दिव्याच्या वायरीतूनच घ्यायची. म्हणजे झाकण उघडलं की उजेड, लावलं की बंद. मागच्या लाल दिव्याच्या किंवा ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला हात लावायचा नाही. मध्ये एक-दोन अँपिअरचा छोटा फ्यूज हवाच, आणि तो जिथून वीज घेतली तिथल्या जवळ हवा. कुठं वायर पत्र्याला घासली तर फ्यूज जाईल, गाडी पेटणार नाही. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली जोडणी घेऊ नका, सोल्डर करून वर नळी चढवून घ्या. झाकणावर पट्टी लावायचा मोह टाळा. झाकण दर वेळी हलतं, वायर दुमडून दुमडून तुटते.

गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर वायर तोडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. नाहीतर चार्ज करायचा, चुंबकानं चिकटणारा छोटा दिवा ठेवा. त्याला वायरच लागत नाही. फक्त आदल्या रात्री चार्ज करायला विसरू नका.

आता एक गंमत. झाकण लावल्यावर दिवा खरंच विझतो की नाही, हे कसं कळणार? त्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, मोबाइल डिक्कीत ठेवला, झाकण लावलं, पाच मोजले, उघडलं. व्हिडिओत काळोख दिसला म्हणजे दिवा विझतो. हे बघणं गरजेचं आहे. पाच वॅटचा दिवा तासाला अर्ध्या अँपिअर-तासाच्या आतच वीज खातो. रात्रभरात चार अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी साधारण पस्तीस अँपिअर-तासांची. एका रात्रीत धडधाकट बॅटरी बसणार नाही, पण दोन-तीन दिवस दिवा जळत राहिला तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. प्रदर्शनाच्या ठिकाणी डिक्की तासन्‌तास उघडी ठेवतो, त्यासाठी आम्ही एक वेगळं बटण बसवून घेतलं आहे.

आणि रस्त्यावर गाडी बंद पडली तर डिक्कीतल्या दिव्यावर विसंबू नका. काही गाड्यांत झाकण उघडलं की मागचे लाल दिवे झाकले जातात, आणि पांढऱ्या उजेडानं मागून येणाऱ्याचा गोंधळ होतो. आधी चारही इंडिकेटर लावा, चमकणारा त्रिकोण मागे लांब ठेवा, मगच डिक्की उघडा.

पट्टी, फ्यूज, बटण आणि वायरमनची मजुरी मिळून आम्हांला साडेपाचशे रुपये लागले. म्हणजे त्या वळत्या केलेल्या सहाशे रुपयांहून कमीच.

पण मैत्रिणींनो, दिवा लावून काम संपत नाही. आम्ही एक नियमही केला. माल भरताना डिक्कीच्या उजेडात दोन्ही गटांच्या एकेकीनं एकत्र मोजायचं, वहीत लिहायचं आणि दोघींनी सही करायची. उतरवताना चादर, पुठ्ठा, सगळं उचलून बघायचं. आणि काही कमी भरलं तर पहिला फोन भांडायला नाही, विचारायला करायचा.

तुमच्या गावात माल न्यायला जीप आली, टेम्पो आला, तर तुम्हीही हक्कानं म्हणा, "दादा, आधी मागचा दिवा लावा, मग आम्ही भरतो." दिवा नसेल तर कंदील धरा, टॉर्च धरा, पण अंधारात मोजून देऊ नका. मोजलेलं दोघांना दिसलं पाहिजे.

परवा त्या मावशी आमच्याकडे कर्वेनगरला आल्या होत्या. डिक्की उघडून दाखवली. आत वाकून बघत त्या म्हणाल्या, "आता कसं, सुईसुद्धा सापडेल." मग आपल्या पिशवीतून नाचणीच्या पापडांची दोन पाकिटं काढून म्हणाल्या, "ही मोजू नका, ही तुम्हांला खायला आणलीत."