कॉलेजआधी बँकखातं

बारावीचे निकाल लागले की प्रवेशाची धावपळ सुरू होते, आणि बँकखात्याचं काम मागे पडतं. तसं होऊ देऊ नका.

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. इथेच बरेच विद्यार्थी अडकतात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं, असं नाही. त्या जोडणीला 'आधार सीडिंग' म्हणतात आणि तिच्यासाठी बँकेला वेगळी संमती द्यावी लागते. दोन बँकांत खाती असतील, तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. शाळेत असताना काढलेलं खातं दोन वर्षं व्यवहाराविना पडून असेल, तर ते निष्क्रिय होतं. केवायसी देऊन ते आधी सुरू करून घ्या.

नवं खातं काढताना पहिला प्रश्न किमान शिल्लक किती, हाच विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूलभूत बचत खातं बँकांना द्यावंच लागतं. त्यात शिल्लक ठेवायची अट नाही, एटीएम कार्ड मोफत. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आणि मुलांनो, कुणी कमिशन देऊन तुमचं खातं वापरायला मागितलं, तर साफ नकार द्या. तो पैसा बहुधा फसवणुकीचा असतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा.